मध्यस्थ की लवाद?

प्रश्न असा आहे : बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारावरच्या एका मराठी लेखात अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक यांना आधी ‘मध्यस्थ’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘लवाद’ म्हटलंय. दोन्ही चालतं का?

नाही चालत. मध्यस्थ बोलणी घडवून आणतो, तोडगे सुचवतो, प्रसंगी दमही भरतो. पण मान्य करायचं की नाही हे पक्षकारांच्या हातात. लवाद निवाडा देतो, आणि तो पाळू असं दोन्ही बाजूंनी आधीच कबूल केलेलं असतं. ‘कृष्णा पाणी तंटा लवाद’ म्हणतात तेही निवाडा देतो म्हणूनच, फक्त तिथे निवाडा बांधतो तो कायद्याने, आधीच्या कबुलीने नाही.

गंमत म्हणजे डेटनमध्ये हे दोन्ही भेटतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर बोस्नियाचे इझेतबेगोविच, क्रोएशियाचे तुज्मान आणि सर्बियाचे मिलोशेविच या तीन अध्यक्षांना तीन आठवडे एकाच आवारात बसवलं होतं. अमेरिकेकडून होलब्रुक, युरोपीय संघाकडून कार्ल बिल्ट. हे मध्यस्थ. (बोलणी अमेरिकेत, सह्या पॅरिसमध्ये, अंमलबजावणीला नाटोचं सुमारे ६०,००० सैन्य, अटलांटिकच्या दोन्ही काठांनी कामं अशी वाटून घेतली होती.)

गाडं अडलं बोस्नियातल्या सावा नदीकाठच्या ब्रचको शहरावर. बोस्नियन सर्बांच्या पूर्व-पश्चिम मुलखांना जोडणारी चिंचोळी पट्टी तिथून जाते, त्यामुळे कोणीच हटेना. अखेर ब्रचको लवादाकडे सोपवायला मिलोशेविच तयार झाले, तेव्हा कुठे २१ नोव्हेंबरला करारावर आद्याक्षरं पडली. लवादाचे प्रमुख अमेरिकी वकील रॉबर्ट्स ओवेन. हेच गृहस्थ डेटनला होलब्रुक यांच्या चमूत कायदा सांभाळत होते! म्हणजे तेव्हा मध्यस्थांच्या बाजूला, नंतर लवादाच्या खुर्चीवर. ५ मार्च १९९९ चा निवाडा असा की ब्रचको कोणा एकाचं नाही, तो वेगळा जिल्हा. सर्ब नेते भडकले. नुसता मध्यस्थाचा तोडगा असता तर त्यांनी तो धुडकावला असता. निवाड्यापुढे ती सोय नव्हती.

लेखात ‘अमेरिकेची शिष्टाई’ असंही आहे. इथे मी जरा सोवळा आहे. कृष्ण कौरवांच्या दरबारी गेला तो पांडवांचा म्हणून. शिष्टाई करणारा एका बाजूचा असतो. वर्तमानपत्रांनी हा शब्द मध्यस्थीसाठी इतका रुळवलाय की आता चूक म्हणवत नाही. तशात, डेटनच्या दोनच महिने आधी नाटोची विमानं बोस्नियन सर्बांच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकत होती. त्या सर्बांना विचारलं असतं तर ‘मध्यस्थी’पेक्षा ‘शिष्टाई’ हाच शब्द त्यांनी पसंत केला असता.