थंडी आली की कंबर धरते, बेल्ट लावू का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी ठाण्याला मानपाड्याला राहते, वय ४८, नोकरी महापेला. कंबरदुखी चार वर्षांपासून आहे पण डिसेंबर-जानेवारीत अगदी नको होतं, सकाळी उठल्यावर कंबर लाकडासारखी होते आणि बाथरूममध्ये बादली उचलताना चमक निघते. ऑफिसात एसी डोक्यावर. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज लिहिलंय ते वाचून जास्तच घाबरले. सासूबाई म्हणतात वात वाढलाय, खाली चटईवर झोप. मिस्टरांनी बेल्ट आणून दिलाय. थंडीने मणके खराब होतात का?

उत्तर : नाही, थंडीने मणके खराब होत नाहीत, हे आधी मनातून काढून टाका. आणि थंडी म्हणजे तरी किती, येऊरच्या पायथ्याला पहाटे जरा गारठा असतो पण दुपारी आपण पंखा लावतोच की! सिडनीमध्ये जवळजवळ हजार कंबरदुखीवाल्यांचा अभ्यास झाला होता, २०१४ साली तो छापून आला, दुखणं सुरू झालं त्या दिवसाचं तापमान, दमटपणा, पाऊस सगळं पडताळून पाहिलं तर कशाचाच संबंध लागला नाही, वाऱ्याचा थोडासा दिसला पण तोही नगण्य. आता याचा अर्थ तुमचं दुखणं खोटं असा मुळीच नाही. गारठ्यात आपण अंग आखडून बसतो, स्नायू ताठ राहतात, संध्याकाळची चक्कर बंद होते, रविवारी दहापर्यंत पांघरुणात, आणि चार वर्षं दुखणाऱ्या कंबरेला हे असं पडून राहणं सोसत नाही.

तुमच्या पत्रात मला खरी खटकली ती बादली. रात्रभर आडवं असल्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंचीसुद्धा किंचित जास्त भरते, आणि अशा वेळी कमरेत वाकलं की त्या चकत्यांवर ताण दिवसापेक्षा बराच जास्त येतो. म्हणजे उठल्याउठल्या गिझरचं गरम पाणी काठोकाठ भरायचं आणि वाकून एका झटक्यात बादली सरकवायची, हे कंबरेसाठी सगळ्यात वाईट वेळेला सगळ्यात वाईट काम झालं. बादली नळाखालीच राहू द्या, स्टुलावर बसून तिथेच आंघोळ करा, उचलायचीच असेल तर अर्धी भरा आणि गुडघ्यात वाकून अंगाजवळ धरून उचला. केर काढणं, खालच्या कपाटातला कुकर काढणं, वाकून करायचं जे जे आहे ते उठल्यावर पहिला तासभर दुसऱ्या कोणाला तरी सांगा, मिस्टरांना सांगा, बेल्ट आणण्यापेक्षा ती मोठी मदत होईल. पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा.

बेल्टचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी (तीन महिन्यांच्या वर चाललेली ती जुनी) पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), मशिनने देतात ते अल्ट्रासाऊंड हे सगळं नेहमीचा उपचार म्हणून नको असं म्हटलंय. माझ्याच फिजिओथेरपीच्या धंद्यातल्या काही लोकांना हे आवडणार नाही, पण आहे ते आहे. त्यांनी भर दिलाय तो व्यायामावर आणि आपलं दुखणं नीट समजून घेण्यावर.

शेक मात्र जरूर घ्या. दुखणं मुळातून जात नाही पण पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की स्नायू सैल पडतात आणि मग हालचाल सोपी जाते, म्हणून शेकून लगेच झोपून जाऊ नका, शेकून चाला. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच, आणि डायबेटिसमुळे बधिरपणा असेल तर फार जपून, भाजलेलं कळत नाही. तेल लावायचंय लावा, डिंकाचे लाडू खायचेत खा, सासूबाईंचं मन राहील, त्याने कंबर बरी होईल असं मी म्हणणार नाही. चटईवर मात्र झोपू नका. स्पेनमध्ये ३१३ जुन्या कंबरदुखीवाल्यांना कडक आणि मध्यम कडक गाद्या देऊन पाहिलं, २००३ मधली गोष्ट, तर मध्यमवाल्यांना जास्त आराम पडला. शिवाय गार फरशीवरून पहाटे उठायचं म्हणजे पुन्हा कंबरेचेच हाल.

एमआरआयमधला बल्ज, म्हणजे मणक्यांमधली चकती कडेने थोडी बाहेर आलेली. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन काढले तर विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत बल्ज दिसतो, वय वाढेल तसं प्रमाण वाढत जातं. तुमच्या वयाला नसता तरच मी जरा चमकले असते. ती फाइल कपाटात ठेवून द्या.

चालायला लागा. ऑस्ट्रेलियातच २०२४ मध्ये ७०१ जणांवर पाहिलंय, कंबरदुखीतून उठलेल्यांनी हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं ठेवलं तर दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. तुमचं दुखणं थांबलेलंच नाही त्यामुळे आकडे तसेच लागू होणार नाहीत, तरी सुरुवात दहा मिनिटांनी करा. पहाटे नको वाटत असेल तर संध्याकाळी उपवनला जा, नाहीतर सोसायटीच्या आवारात, आणि घणसोलीपर्यंत ट्रेनमध्ये बसायला मिळालं तरी दोन स्टेशनं उभ्याने काढा. ऑफिसात कंबरेला शाल, अर्ध्या तासाने उठून पाणी आणायला जायचं.

पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेच्या मध्ये बधिर झालं, पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, शेकत बसू नका. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी लवकर डॉक्टरांना दाखवा, आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, खारघरला असतो. सहा महिने झाले, पहाटे कंबर इतकी आखडते की तासभर सरळ होता येत नाही, जिमला गेला की मोकळा होतो, सुट्टीत लोळला की वाढतं. थंडीमुळेच ना?

उत्तर : थंडीवर ढकलू नका. कमी वय, सकाळचा तासभर ताठरपणा, विश्रांतीने वाढणं आणि हालचालीने कमी होणं, ही लक्षणं मणक्याच्या सुजेच्या संधिवाताची असू शकतात, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात तो. हाडांच्या डॉक्टरकडून दर वेळी पेनकिलर घेऊन परत येण्यापेक्षा थेट संधिवाततज्ज्ञांना दाखवा, ते माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा फोटो किंवा एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी सांगतील. घरात कोणाला सोरायसिस (त्वचेचा आजार) आहे का आणि मुलाचा डोळा कधी लाल होऊन खूप दुखला होता का, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. जिम बंद करायला लावू नका.