आकडा लाइव्ह आहे की नुसता दिसतोय?

प्रश्न: ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला डीएचटी२२ सेन्सर जोडून तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा वेब सर्व्हर केलाय. ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, पण आकडे बदलायला पेज रिफ्रेश करावं लागायचं म्हणून दर सेकंदाला आपोआप रिफ्रेश होईल असं केलं, तर आता पेज सारखं लुकलुकतं, दोन मोबाइलवर एकदम उघडलं की अडकतं आणि मधेच तापमानाच्या जागी नॅन (‘हा आकडा नाही’ अशी खूण) येतं. सेन्सर खराब आहे का, बदलून टाकू का?

उत्तर: थांबा, सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे. तुमच्या वर्णनावरून असं वाटतंय की ब्राउझरने पेज मागितलं की तुमचा कोड तेव्हा सेन्सर वाचायला धावतो, आणि सगळी गडबड तिथेच आहे. डीएचटी२२ दोन सेकंदांतून एकदाच नवीन माप देतो, तुम्ही दर सेकंदाला विचारताय, त्यात दोन मोबाइल म्हणजे मागणी आणखी दुप्पट.

आता नॅनचं. हा सेन्सर एकाच वायरवरून ४० बिट पाठवतो, त्यातले शेवटचे ८ बिट फक्त पडताळणीसाठी असतात, आणि बिट शून्य की एक हे पल्स किती मायक्रोसेकंद टिकली त्यावरून ओळखायचं असतं. मधेच वाय-फायच्या कामाने प्रोसेसरचं लक्ष गेलं की मोजणी चुकते, पडताळणी जुळत नाही आणि लायब्ररी नॅन देते. म्हणजे क्वचित येणारं नॅन हे चुकीचा आकडा गाळला गेल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरू नका. सारखंच येत असेल तर मात्र वायर किती लांब आहे ते बघा, आणि डेटा पिनपासून ३.३ व्होल्टला ४.७ ते १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (डेटाची वायर मोकळी असताना व्होल्टेज वर धरून ठेवणारा) आहे ना तेही बघा, काही मॉड्यूलवर तो आधीच असतो.

मोजणं आणि दाखवणं ही दोन कामं वेगळी करा, माझा सगळा भर यावरच आहे. लूपमध्ये (कोडचा सतत फिरत राहणारा भाग) मिलिस, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन, वापरून दर अडीच-तीन सेकंदांनी सेन्सर वाचा, माप चांगलं आलं तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ते कधी आलं ती वेळही ठेवा. सर्व्हरने सेन्सरला हातच लावायचा नाही, कोणीही मागितलं की ठेवलेलं शेवटचं माप द्यायचं, मग एक मोबाइल असो की चार. लूपमध्ये डीले (कोड थांबवून ठेवणारी आज्ञा) असेल तर काढून टाका, कारण साधी वेबसर्व्हर लायब्ररी एका वेळी एकालाच उत्तर देते आणि डीले चालू असेपर्यंत तर कोणालाच देत नाही, अडकतंय ते बहुधा त्यामुळेच. मिलिस सुमारे ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येतो, त्यामुळे नेहमी आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा करून फरक तपासायचा आणि दोन्ही व्हेरिएबल अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेल्या प्रकारचे) ठेवायचे, मग काही बिघडत नाही.

लुकलुकणं थांबवायला पूर्ण पेज परत परत मागवू नका. पेज एकदाच द्या आणि आकड्यांसाठी वेगळा पत्ता करा जो फक्त छोटा जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर) देईल, पेजमधल्या जावास्क्रिप्टने फेच (पेज न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन) वापरून तो आणायचा आणि तेवढेच आकडे बदलायचे. पुढचा फेच आधीचं उत्तर आल्यावर किंवा फसल्यावर सेट-टाइमआउटने (ठरलेल्या वेळानंतर एकदाच चालणारं) लावा, सेट-इंटरव्हल (उत्तराची वाट न बघता ठरावीक वेळाने चालत राहणारं) नको, कारण नेटवर्क मंद झालं की त्यात मागण्या साचत जातात. वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली दोन्ही बाजूंनी सतत उघडी जोडणी) आत्ता लागणार नाही, तापमान काही क्षणाक्षणाला उड्या मारत नाही. पुढे कधी वेगाने बदलणारं काही दाखवायचं झालं तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरनेच ब्राउझरकडे आकडे पाठवत राहायची सोय) बघा, ते वेबसॉकेटपेक्षा सोपं पडतं. आणि जेसन हाताने स्ट्रिंग जोडून बनवत असाल तर नॅन तसंच जाऊ देऊ नका, जेसनमध्ये नॅन चालत नाही, ब्राउझर पूर्ण उत्तरच नाकारतो आणि आर्द्रतेचा चांगला आकडाही त्यात जातो. त्या जागी नल (null, म्हणजे ‘किंमत नाही’) पाठवा.

आता कळकळीने सांगतो ते, की जेसनमध्ये मापाचं वयही पाठवा, म्हणजे शेवटचं चांगलं माप किती सेकंदांपूर्वीचं आहे ते. दहा सेकंदांच्या वर गेलं किंवा फेचच फसला तर आकडा राखाडी करा आणि शेजारी तसं लिहा. नाहीतर सेन्सरची वायर निघालेली असते, पेजवर २६.४ झळकत असतं, आणि बघणारा त्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो. रिकामं पेज दिसलं तर माणूस निदान चौकशी तरी करतो.

प्रश्न: ईएसपी३२ वर मातीच्या ओलाव्याचा अ‍ॅनालॉग सेन्सर छान चालत होता, वेब सर्व्हरसाठी वाय-फाय जोडलं आणि रीडिंग बंदच पडलं. पिन क्रमांक २६.

उत्तर: पिन बदला, काम होईल. ईएसपी३२ मध्ये व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारे एडीसी१ आणि एडीसी२ असे दोन भाग असतात, २६ हा एडीसी२ चा पिन आहे आणि मूळ ईएसपी३२ मध्ये वाय-फाय चालू असताना एडीसी२ वर भरवसा ठेवता येत नाही. ३२ ते ३९ मधले पिन एडीसी१ चे, त्यातला बोर्डवर बाहेर काढलेला कुठलाही घ्या, बहुतेक बोर्डांवर ३४ असतो. सेन्सर ५ व्होल्टवर चालवत असाल तर त्याचं आउटपुट ३.३ च्या वर जात नाही ना ते आधी मीटरने बघा.

प्रश्न: राउटर बंद-चालू केला की बोर्डचा आयपी बदलतो. शिवाय बाहेरूनही आकडे बघायचेत, पोर्ट फॉरवर्ड (राउटरमधून बाहेरच्यांना थेट बोर्डपर्यंत वाट उघडणं) करू का?

उत्तर: आयपीसाठी राउटरच्या सेटिंगमध्ये बोर्डच्या कायमच्या हार्डवेअर क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला एक पत्ता राखून ठेवा, प्रश्न कायमचा मिटतो. एमडीएनएस (घरच्या नेटवर्कमध्ये नावावरून पत्ता शोधायची सोय) वापरून नावानेही उघडता येतं, पण ते प्रत्येक फोनवर चालेलच असं नाही.

पोर्ट फॉरवर्ड मात्र कृपा करून नको. तुमचा सर्व्हर साध्या एचटीटीपीवर आहे, पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, आणि इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. राउटरमध्ये व्हीपीएनची (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची एन्क्रिप्ट केलेली वाट) सोय असेल तर बाहेरून आधी त्याने घरच्या नेटवर्कमध्ये या आणि मग पेज उघडा. नाहीतर उलटं करा, बोर्डनेच टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलेल्या एमक्यूटीटी या छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने एखाद्या ब्रोकरकडे (संदेश घेऊन पुढे देणारा सर्व्हर) आकडे पाठवायचे आणि तुम्ही फोनवर तिथून वाचायचे, म्हणजे बाहेरच्या कोणाला बोर्डपर्यंत यायची वाटच उरत नाही. मापाचं वय तिथेही पाठवा.