आठातलं पहिलं पाऊल घरीच ठेवा

प्रश्न : वर्षभर अर्जेंटाईन टँगोचा क्लास केला. आठ पावलांचा बेसिक, गांचो (जोडीदाराच्या पायात पाय आकड्यासारखा अडकवणं), बोलेओ (मोकळा पाय चाबकासारखा झटकणं) सगळं घोटून झालं. आता कामासाठी ब्यूनस आयर्सला जातोय. तिथल्या मिलोंगात, म्हणजे नाचाच्या बैठकीत, यातलं काय चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बेसिकमधलं पहिलं पाऊल घरीच ठेवा. त्यात तुमचा उजवा पाय मागे जातो. मिलोंगात जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फेर धरून सरकतात आणि मागची जोडी हातभर अंतरावर असते. तुमची टाच थेट त्यांच्या नडगीवर बसेल. दुसऱ्या पावलापासून, म्हणजे डाव्या बाजूला पाऊल टाकून सुरुवात करा. आठाचा हिशेब मोजायला सोपा, म्हणून क्लासात टिकून आहे, इतकंच.

गर्दीत खपतं ते चालणं, जागच्या जागी वजन बदलणं, क्रूसादा (जोडीदारणीचा डावा पाय उजव्यापुढे येऊन अढी पडते ती), छोटे ओचो (पायावर फिरत जमिनीवर इंग्रजी आठासारखा आकार काढणारी पावलं) आणि अर्धी गिरकी. सगळ्यांत कामाचा ओचो कोर्तादो, म्हणजे मध्येच तोडलेला ओचो, आणि नेमका तोच अनेक क्लासांत उशिरा येतो. डावा पाय पुढे टाका, वजन उजव्यावर परत आणा, डावा बाजूला टेका आणि लगेच उलटा फिरा; जोडीदारीण परत येऊन क्रूसादात मिटते. चुकतं कुठे? बाजूचं पाऊल लांब पडतं. तिचं वजन पुरतं बसलं की ती परत येत नाही, मग हाताने ढकलणं सुरू होतं. पाऊल खांद्याच्या रुंदीएवढंच ठेवा, वळण छातीतून द्या.

गांचो विसरा. बोलेओ केलाच तर तिचा पाय जमिनीलगत राहू द्या. उंच उडालेली टोकदार टाच शेजारणीची पोटरी फोडते.

प्रश्न : एवढ्याच पावलांवर चार गाण्यांचा तांदा, म्हणजे सलग नाचायचा संच, कंटाळवाणा नाही होत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाद्यवृंद ऐकलात तर नाही. दी सार्लीच्या वाद्यवृंदावर लांब, सावकाश चाला. दारिएन्सोच्या वाद्यवृंदाच्या ठेक्यावर कोर्तादो आपोआप सुचतो. पुग्लिएसेचा वाद्यवृंद सूर ताणून धरतो तिथे पाय टेकून थांबा, फक्त मागच्या जोडीला अडवू नका. सरावासाठी घरात मीटरभराचा चौकोन खडूने आखा आणि एक अख्खं गाणं त्याबाहेर न जाता नाचा. पहिल्या मिनिटातच पाऊल रेषेबाहेर जाईल.