जुन्या गोव्याची पायी फेरी: करमळीहून निघून करमळीला परत

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात गोव्यात एक दिवस मोकळा आहे, निघालो तिथेच परत येणारी सात-आठ किलोमीटरची पायी वाट हवी, वाटेत जुने अवशेष हवेत आणि जमल्यास बंद पडलेला रेल्वेमार्गही. त्यावर कुणी तुम्हाला कुळेहून रुळांवरून दूधसागरला चालत जायला सुचवलंय. आधी त्याबद्दल लिहितो, कारण तो सल्ला धोक्याचा आहे.

तो मार्ग बंद पडलेला नाही. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतची ही मीटरगेज लाइन पोर्तुगीज काळातली, १८८८ च्या सुमारास पुरी झालेली. भारताने केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची वाहतूक थांबली आणि गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा सुरू झाली. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. आज त्या घाटातून प्रवासी गाड्याही जातात आणि मालगाड्याही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नाही, पावसात तर धबधब्याच्या आवाजात इंजिन ऐकूही येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रुळांवरून चालणं हा गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे पोलिसांनी ट्रेकर्सना अडवून उठाबशा काढायला लावल्या होत्या. कृपा करून जाऊ नका.

त्याऐवजी जुन्या गोव्याची फेरी करा. बहुतेक लोक बसमधून उतरतात, दोन चर्च बघतात, फोटो काढतात आणि पणजीला पळतात. खरं तर इथे एक अख्खं शहर होतं आणि ते चर्चच्या मधल्या रिकाम्या जागांत आहे. ते पायीच कळतं.

सुरुवात कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनवरून करा. सकाळी लवकर उतरलात तर आधी करमळीच्या तळ्याकडे वळा. रेल्वे तळ्याला लागूनच जाते, आणि लाइन आखली तेव्हा याच तळ्यावरून मोठा वाद झाला होता. हिवाळ्यात अडई बदकांचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी दिसतात. दुर्बीण असेल तर घ्या. याच करमळी गावातला ब्रह्मदेव सोळाव्या शतकात भाविकांनी सत्तरी तालुक्यात हलवला. तिथल्या गावाला म्हणूनच ब्रह्मकरमळी म्हणतात. सवड मिळाली तर दुसऱ्या दिवशी वाळपईच्या बाजूला जाऊन ती मूर्ती जरूर बघा.

तळ्यावरून जुन्या गोव्याकडे येताना फोंड्याच्या रस्त्यावर सेंट पॉल कॉलेजची कमान लागते. कॉलेजचं तेवढंच उरलंय. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथेच आला. गाड्या भरधाव जातात, रस्ता जपून ओलांडा.

पुढे अवर लेडी ऑफ द माउंट या चॅपलची टेकडी चढा. चॅपल बहुधा बंद असतं, पण अंगणातून मांडवी, दिवाडी बेट आणि माडांच्या वर आलेले चर्चचे मनोरे असं सगळं एका नजरेत येतं. पोर्तुगीजांशी लढताना आदिलशाही फौजेने तोफा याच टेकडीवर चढवल्या होत्या. जागा बघितली की कारण सांगावं लागत नाही.

उतरून सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात या. तिथे काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. ती आदिलशहाच्या वाड्याची, आणि कोरीवकाम सरळसरळ देवळातलं. वाडा १८२० मध्ये पाडला. शहर साथींनी आधीच ओसरत चाललं होतं, १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला गेल्यावर इथल्या इमारतींचा दगडही तिकडच्या बांधकामांना गेला. व्हाइसरॉयची कमान तिथून जवळच. से कॅथेड्रल आणि बॉम जेझू तुम्ही बघालच, त्यावर वेगळं लिहीत नाही. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून चिरा, म्हणजे जांभा दगड, पावसात झिजतोय, एवढं मात्र भिंतीजवळ जाऊन बघा.

वेळ राखून ठेवायचा तो पश्चिमेच्या टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्च-मठासाठी. मला जुन्या गोव्यात सगळ्यात जवळची वाटणारी जागा हीच. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उभा चिरलेला अर्धा भाग उरलाय. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. घंटा वाचली, ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. जमिनीकडे बघत चाला: पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, कुळांची चिन्हं, लॅटिन अक्षरं, कुठे कवटी आणि हाडं कोरलेली. भिंतीच्या चिऱ्याला हात लावा, तांबूस, भोकाभोकांचा, पावसाळ्यानंतर शेवाळ धरलेला. काही कोपऱ्यांत निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत.

इथेच जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले. तिला १६२४ मध्ये इराणात शिराझला ठार केलं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अस्थी गोव्यात आणल्या. जुन्या कागदांत जागेचं वर्णन होतं, त्यावरून पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये अस्थी जॉर्जियाला सुपूर्द झाल्या.

शेजारी सेंट मोनिकाचा मठ आणि थोडं पुढे रोझरी चर्च. तिथून उतरून करमळी स्टेशनचा रस्ता धरा. रमतगमत अर्धा दिवस लागतो, वळसे धरून आठेक किलोमीटर होतात.

आता तारखांचं. ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं आणि २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना. त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ५ तारखेनंतरचा दिवस निवडा. शुक्रवार टाळा, पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं. पाण्याची बाटली भरून घ्या, माउंटच्या टेकडीवर दुकान नाही. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नाश्त्याला गांधी सर्कलजवळ पातळभाजी-पाव शोधा, पण तळ्यावरून आल्यावर, कारण पक्षी तुमच्या नाश्त्यासाठी थांबत नाहीत.