ड्रायव्हर पैसे मागतो तेव्हा

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी नायजेरियातल्या लागोसला आलो. नवरा इकेजाच्या एका कारखान्यात आहे, मुलगी नऊ वर्षांची. ड्रायव्हर अतिशय सज्जन आहे, पण महिन्यातून दोन-तीनदा पैसे मागतो. कधी मुलाची फी, कधी बायकोचं औषध. सासूबाई फोनवर म्हणतात, 'एकदा दिलेस की डोक्यावर बसतील.' नाही म्हटलं की मला दिवसभर चैन पडत नाही. काय करू?

उत्तर : ताई, चैन पडत नाही हे चांगलंच लक्षण आहे. पण एकेका मागणीला हो म्हणायचं की नाही, यात अडकू नका. आधी त्याचा पगार बघा.

मे 2023 च्या अखेरीस नायजेरियाने पेट्रोलवरचं अनुदान काढून घेतलं. लिटरला 200 नायरांच्या (नायरा हे तिथलं चलन) आत असलेलं पेट्रोल लगेच 500 च्या आसपास गेलं आणि 2024 मध्ये हजाराच्याही वर. 2023 च्याच जूनमध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला, तेव्हा डॉलरला 470 च्या आसपास नायरा पडत होते. 2024 मध्ये दीड हजारांहून जास्त पडू लागले. परदेशातून आलेल्यांचा पगार बहुतेक डॉलरमध्ये ठरलेला असतो, म्हणून आपल्याला ही झळ कमी लागते. ड्रायव्हरचा पगार नायरात. पेट्रोल वाढलं की डॅनफोचं, म्हणजे त्या पिवळ्या मिनीबसचं भाडं वाढतं, पाठोपाठ तांदूळ, टोमॅटो आणि गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा. सरकारने 2024 मध्ये महिन्याचं किमान वेतन 30,000 वरून 70,000 नायरा केलं, यावरूनच महागाईची कल्पना यावी.

तेव्हा नवऱ्याला एवढंच विचारायला सांगा : ड्रायव्हरचा पगार शेवटचा कधी वाढला? तो कंत्राटदाराकडून आलेला असेल, तर कंपनी देते त्यातले त्याच्या हातात किती पडतात? माझ्या मते निम्मं उत्तर इथेच मिळेल. पगार पुरत नसेल तर माणूस मागणारच, त्याला सवयीचं नाव देणं अन्याय आहे. पगारवाढ कंपनीकडून होत नसेल, तर दरमहा ठरावीक प्रवासखर्च तुम्ही स्वतः सुरू करा. तो राहतो कुठे, घरून किती वाजता निघतो, हेही विचारा. इकोरोडूसारख्या लांबच्या भागातून येणारी माणसं पहाटेच्या अंधारात घर सोडतात आणि तुमच्या मुलीच्या शाळेच्या वेळेला दारात उभी असतात.

यानंतरही मोठे खर्च येतील. तिथे शाळेची फी सत्रागणिक भरायची असते आणि वर्षात सत्रं तीन, साधारण सप्टेंबर, जानेवारी आणि एप्रिल-मेमध्ये सुरू होणारी. फी कधी येणार हे आधीच माहीत असतं, मग दर वेळी त्याला हात पसरायला कशाला लावायचं? सत्र सुरू होण्याआधी उचल द्या, तीन महिन्यांत थोडी थोडी वळती करा. एका वहीत रक्कम लिहा, दोघांनी सही करा. वहीमुळे त्याचाही मान राहतो. आधीची उचल फिटेपर्यंत दुसरी नाही, हा नियम शांतपणे सांगा आणि पाळा. सासूबाईंच्या काळजीलाही एवढं उत्तर पुरेसं आहे.

आजारपणाला मात्र हा नियम लावू नका. औषधाला पैसे मागितले की आधी मलेरियाची तपासणी करायला पाठवा आणि तिचा खर्च तुम्ही द्या. ताप आला की तपासणीविनाच 'मलेरिया आणि टायफॉइड' म्हणून दोन्हींची औषधं घेण्याची चाल तिथे फार आहे. त्यात पैसे जातात आणि खरा आजार राहून जातो. हेच तुमच्या घरालाही लागू. नायजेरियातला मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा. मुलीला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. सुट्टीत पुण्या-मुंबईला आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आम्ही नायजेरियात राहतो' हेच सांगा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. मुलगी ड्रायव्हरला नुसत्या नावाने हाक मारत असेल तर आजच थांबवा. लागोस हा योरुबा लोकांचा मुलूख. तिथे धाकट्याने थोरल्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पोरं गुडघे टेकून किंवा वाकून नमस्कार करतात. 'अंकल' म्हणायला शिकवा. सकाळी गाडीत बसताना आधी 'गुड मॉर्निंग', मग काम. पैसे किंवा कुठलीही वस्तू देताना उजवा हात, हे तर आपल्याला घरूनच ठाऊक आहे.

ओळख वाढली की एखाद्या सकाळी त्याच्यासोबत माइल ट्वेल्व्हच्या बाजारात जा. टोमॅटो, मिरच्या, सुरणासारखे भले मोठे याम यांचे ढीग दिसतील. रस्त्याकडेला तळतात तो अकारा जरूर खा, तो चवळीच्या डाळीचा वडाच आहे. झोबो नावाचं लाल सरबत मिळेल, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. भाव करायला ड्रायव्हरला पुढे करा. त्याच्या बायकोची तब्येत कशी आहे, हे वाटेत तुम्हीच आधी विचारा.