रंग पाण्यात राहिला की सुताने धरला?

प्रश्न : माझी धाकटी बहीण पालघर जिल्ह्यात दिली आहे. दर दिवाळीला ती सुके बोंबील आणि सुकट घेऊन येते. तारापूरचं अणुवीज केंद्र तिच्या गावापासून फार लांब नाही. जपानने फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडल्याच्या बातम्या पाहिल्यापासून मनात घोळतंय : किरणोत्सर्गी द्रव्य समुद्रात सांडलं तर ते कुठे जाईल, हे संगणकावर आधीच काढता येतं म्हणतात. त्यावर विश्वास ठेवायचा का?
– एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : ताई, माझे वडील इथेच पूर्व भागात सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. मी दुपारी डबा घेऊन जायचो. लडी बाहेर काढल्यावर ते मला हौदात वाकून बघायला लावायचे. पाणी निवळलं असेल तर रंग सुताने धरला. पाणी लालभडकच असेल तर रंग वाया गेला. पुढे मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना मला तो हौदच आठवतो.

संगणकात समुद्राचे चौकोनी कप्पे पाडतात, आडवे आणि खोलीतही. प्रत्येक कप्प्यातलं किती द्रव्य प्रवाहाने शेजारी गेलं, किती घुसळणीने पसरलं, किती क्षय पावलं, म्हणजे अणू आपोआप फुटून कमी झालं, याचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत पुढे जातात. किनाऱ्याजवळ हे किचकट होतं. भरती पाणी आत आणते, ओहोटी तेच बाहेर नेते, त्यामुळे पाणी पुष्कळ हललं तरी सरकतं थोडंच. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे जूनमधलं उत्तर डिसेंबरला चालत नाही.

एवढं गणित बरंच भरवशाचं आहे. अडतं ते द्रव्याच्या स्वभावापाशी. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन; ते पाण्याच्या रेणूतच शिरलेलं असतं. त्याला गाळ धरत नाही, हौदात राहिलेल्या रंगासारखं ते पाण्याबरोबर जातं. ऑगस्ट २०२३पासून फुकुशिमातून प्रक्रिया करून सोडतात त्या पाण्यात मुख्यतः तेच आहे, आणि ते लिटरला १,५०० बेक्वेरलच्या आत ठेवायचं बंधन आहे. (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरल.) सिझियम-१३७ हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य मात्र, सुताने धरलेल्या रंगासारखं, चिकणमातीला घट्ट धरतं, आणि ते निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात.

मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्यानंतर ६ एप्रिलला तिथल्या पाणी सोडण्याच्या मुखाशी लिटरला सुमारे ६८ हजार बेक्वेरल सिझियम-१३७ सापडलं. महिनाभरात ते हजार पटीने उतरलं. प्रवाहाचं काम झालं होतं. पण पुढची उतरण मंदावली, कारण भूजल, नद्या आणि तळचा गाळ थोडंथोडं देतच राहिले. तळाशी राहणाऱ्या माशांत सिझियम जास्त काळ टिकलं, तेही त्यामुळेच. इंग्लंडमधल्या सेलाफील्ड या अणुइंधनावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७०च्या दशकात तिथून आयरिश समुद्रात भरपूर सिझियम गेलं. पुढे सोडणं पुष्कळ कमी केलं, तेव्हा गाळात बसलेलं सिझियम हळूहळू पाण्यात परतू लागलं. केवळ ‘किती पातळ होईल’ एवढंच पाहणाऱ्या हिशेबात हे दिसलंच नसतं.

दुसरी अडचण, नेमकं किती सांडलं याची. फुकुशिमात गळती मोजायला तिथे कुणी उभं नव्हतं. समुद्रातल्या नमुन्यांवरून उलटा हिशेब करून ती काढावी लागली. त्यात आयोडीन-१३१ हे आणखी एक किरणोत्सर्गी द्रव्य कामी आलं. ते आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून त्याचं सिझियमशी प्रमाण पाहून हवेतून पडलेलं कुठलं आणि थेट समुद्रात गळलेलं कुठलं, हे वेगळं करता आलं.

तेव्हा विश्वास ठेवा, पण नमुन्यांशी ताडून पाहिलेल्या गणितावर. तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. परिसरातलं पाणी, गाळ, मासळी तपासणं हेच तिचं काम. बहिणीच्या गावात या विषयावर कधी सभा झाली, तर तिला उठून विचारायला सांगा : पाण्याचा आकडा सांगितलात, गाळाचा किती?