तबला बंद करून बघ

प्रिय,

तुझा अल्बम आधी हेडफोनवर ऐकला, मग घरातल्या साध्या स्पीकरवरही ऐकला. कामात जीव आहे. तिसऱ्या ट्रॅकमध्ये मारवा रागाचा कोमल रिषभ तू सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, नुसता टांगून ठेवला आहेस, षड्जावर यायचं टाळत राहिली आहेस. ते शिकवून येत नाही, कान असावा लागतो. बाकी ठिकाणी मात्र गर्दी फार झाली आहे. तबल्याचा लूप, सारंगीचं सॅम्पल, पाऊस, लोकलमधली घोषणा आणि या सगळ्यावर तीन-चार सिंथ. विचारलं की म्हणतेस, 'एक्सपेरिमेंटल आहे ना, काका.' अगं, प्रयोग करणारा एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या जागच्या जागी ठेवतो. तू सगळ्याच एकदम बदलल्यास, त्यामुळे नेमकं काय जमलं आणि काय फसलं, हे तुलाही कळायची सोय राहिली नाही.

तुझ्या मेलमध्ये चरणजित सिंगांचं नाव होतं, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे मुंबईचे वादक. 'ॲसिड हाऊसचा जनक मुंबईचा' असं काहीतरी लिहिलं होतंस, म्हणजे यंत्रांवरच्या त्या नाचायच्या संगीताचा. नाव योग्य माणसाचं घेतलंस, कारण चुकीचं दिलंस. त्याबद्दलच लिहायला बसलोय.

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम त्यांनी १९८२ मध्ये रेकॉर्ड केला आणि एचएमव्हीनं काढला. फारसा कोणी विचारला नाही. पुढं हॉलंडच्या एडो बाऊमनला त्याची एक प्रत दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलनं तो पुन्हा काढला. तेव्हा युरोपातल्या लोकांना खरंच वाटेना. कोणीतरी हल्लीच्या प्रोड्यूसरनं जुनं कव्हर लावून थट्टा केली आहे, असाही संशय घेतला गेला. कारण होतं टीबी-३०३ हे रोलंडचं बेसचं यंत्र. शिकागोच्या फ्युचर या ग्रुपनं १९८७ च्या त्यांच्या रेकॉर्डमध्ये त्याच यंत्राची बटणं पिळून जो चिरका, ओला आवाज काढला, त्यालाच पुढं ॲसिड म्हणायला लागले. आणि इथं मुंबईतल्या एका सरदारजींच्या तबकडीवर तो पाच वर्षं आधीच वाजत होता.

पण शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती, याचा कुठलाही पुरावा नाही. जनक-बिनक म्हणण्यात अर्थ नाही. रोलंडनं हे यंत्र काढलं ते एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला मागून बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते सपशेल आपटलं, १९८४ मध्ये बनणं बंद झालं आणि जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या पोरांच्या हाती ते असं आलं. सिंगांनी नवंकोरं घेतलं होतं. दोन्हीकडच्या माणसांनी एकच केलं : यंत्राबरोबर आलेला उद्देश बाजूला ठेवला. पहिलं कोण, हा वाद घालायचाच असेल तर अहमदाबादला जा. तिथं एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं स्टुडिओ उभारून दिला होता आणि संगीतकार गीता साराभाईंसारखी माणसं त्यावर काम करत होती. त्या टेप्सही कित्येक दशकं कपाटातच होत्या. पहिलेपणाचं सर्टिफिकेट घेऊन तुझा एकही ट्रॅक सुधारणार नाही.

आता कामाचं. त्या अल्बमचं सामान मोजून घे. मुख्य यंत्रं तीन : ताल देणारं टीआर-८०८, बेससाठी ३०३ आणि सुरावटीसाठी जुपिटर-८. तिन्ही रोलंडची, तेव्हा अगदी नवी. वेगवेगळी यंत्रं एकमेकांशी जोडायची सामायिक पद्धत, मिडी, अजून यायची होती, ती आली १९८३ मध्ये. ८०८ आणि ३०३ एकमेकांना केबलनं बांधायची, ती एका ठेक्यात चालली की वर हातानं राग वाजवायचा. सिंगांनी हे जुळवण्याची तालीम आधी घरी केली आणि मग स्टुडिओत गेले. त्या काळी हिंदी सिनेमात डिस्कोचा धुमाकूळ होता. त्यांनी पुढं मुलाखतींत सांगितलं, त्याचा सारांश असा की डिस्को सगळेच करताहेत, तर आपण त्या ठेक्यावर राग वाजवावेत आणि तबला बंद ठेवावा.

तबला बंद ठेवावा! बोलायला किती सोपं. राग म्हटला की तबला, डिस्को म्हटलं की पितळी वाद्यं आणि गायिका, हे दोन्हीकडचे ठरलेले पाहुणे त्यांनी बोलावलेच नाहीत. म्हणून तो अल्बम फ्यूजन वाटत नाही. फ्यूजनमध्ये दोन्ही बाजूंची ओळखपत्रं सतत दाखवली जातात : बघा, ही सतार, बघा, हा ड्रमसेट. तुझा तबल्याचा लूप तेच करतोय. तो ताल देत नाहीये, 'हे भारतीय आहे बरं का' असं सांगतोय. मारवा तुझ्याकडे आहे, मग वेगळं सांगायला कशाला हवं?

दुसरी गोष्ट, तिथं कॉर्ड बदलत नाहीत. बेस रागाच्या स्वरांतच फिरत राहतो. ३०३ मध्ये सोळा घरांचा एक नमुना भरता येतो, तो पुन्हा पुन्हा वाजतो. त्यात प्रत्येक स्वराला जोर देता येतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय असते. ती घसरण ऐकताना मला मींड आठवते, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. खरी मींड नव्हे, तिचा वेळ यंत्रानं ठरवलेला असतो. पण हार्मोनियमला जे कधीच जमलं नाही त्याची चुणूक त्यात आहे. आणि एक लक्षात घे, सिंग हवाईयन गिटार वाजवायचे. तारेवर पट्टी ठेवून सूर सरकवायची सवय ज्याच्या हाताला आहे, तो की-बोर्डसमोर बसला तरी दोन पट्ट्यांच्या मधली जागा शोधतच राहणार. हा माझा तर्क आहे, पण त्यांचा जुपिटर ऐकताना मला तो डावा हात दिसतो.

सगळं सोन्याचं आहे असं नाही. तोडी मला कोरडी वाटते. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलाहूनही खाली बसतो आणि समान अंतरावर कापलेल्या पट्ट्यांना ते जमत नाही. ललितमध्ये दोन्ही मध्यम आहेत, त्यांच्यातली ती नाजूक ओढ यंत्राच्या धडधडीत थोडी चेपली जाते. याउलट कलावती, मालकंस, बैरागी बघ. औडव राग, पाचच स्वर, मधे मोकळी जागा भरपूर. तिथं ठेका आणि सूर एकमेकांच्या पायात येत नाहीत. मालकंसात रिषभ-पंचम नाहीत, त्या रिकामेपणातच ३०३ ला नाचायला अंगण मिळालं आहे. अशी निवड तूही कर. तुझ्या सिंथवर जो राग मरतो त्याच्या मागे लागू नकोस. किंवा लागायचंच असेल तर ट्यूनिंग बदल. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर सेंटनं, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागानं, खाली-वर करता येतो, ती सोय सिंगांना नव्हती. तुझ्याकडे आहे आणि तू ती अजून उघडूनही पाहिलेली नाहीस.

तर करायचं काय? एक आवाज तालाचा, एक बेसचा, एक सुराचा, बस. बाकीचे ट्रॅक पुसू नकोस, म्यूट कर. मग त्या तिघांवर अल्बम उभा राहतो का बघ. नाही राहिला तर चौथा आवाज घालून उपयोग नाही, तिघांपैकी कोणीतरी आळशी आहे, त्याला शोध. रागाचे नियम पाळायचे की मोडायचे हे ट्रॅकगणिक ठरव आणि ठरवलेलं त्या ट्रॅकपुरतं तरी पाळ. मारव्यात अचानक पंचम आला की तुझ्या वर्गातल्या मुलांना ते बंड वाटेल. जाणत्याला तो निसटलेला स्वर वाटतो, जोपर्यंत तू तो ठासून दुसऱ्यांदा लावत नाहीस.

लांबीचंही बघ. सिंगांच्या हातात तबकडी होती, एका बाजूला पाच राग बसवायचे, संपलं. तुझ्या नऊ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये शेवटची तीन मिनिटं फक्त तू थकत नाहीस म्हणून आहेत.

आता एक अप्रिय गोष्ट. ही कथा सांगताना लोक 'काळाच्या पुढं' म्हणतात आणि तरुण मुलं त्यात आपलं भविष्य बघतात : आज कोणी ऐकत नाही, पण अठ्ठावीस वर्षांनी एखादा परदेशी माणूस येईल. येत नाही गं. ज्यांच्याकडे कोणीच आलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, एवढंच. पुन्हा अल्बम निघाला तेव्हा सिंग सत्तरीचे होते. युरोपात जाऊन तीच यंत्रं मंचावर वाजवली, तरुण पोरं नाचली, आणि २०१५ मध्ये ते गेले. नशीबच म्हणायचं. पण त्या आधीची सगळी वर्षं त्यांनी वाट बघण्यात घालवली नव्हती. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत ते वाजवत होते, सिनेमातल्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या तबकड्या काढत होते. रोज सकाळी समोर येईल ते नोटेशन वाजवणारा तो हात होता. दहा राग एकट्यानं यंत्रांवर पेलले गेले ते त्या रोजंदारीमुळे.

म्हणून जिंगलचं काम नाकारू नकोस. तू मागच्या महिन्यात सोडलेलं ते काम मला समजलं. 'माझ्या आर्टला धक्का लागेल' हे कारणही समजलं. तीस सेकंदांत सूर, ठेका आणि ग्राहकाचं समाधान बसवायला शिकलीस तर नऊ मिनिटांचा ट्रॅक आपोआप सहाचा होईल. भाड्याची सोय होईल ती वेगळीच.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे शेवटच्या सफाईबद्दल, लिहिणार नव्हतो, पण मोठे आवाज दाबणारा लिमिटर तू इतका दाबलास की मारव्याचा तो टांगलेला रिषभ आणि किक, म्हणजे ठेक्याचा खालचा ठोका, एकाच उंचीवर आले आहेत. लिमिटर काढ.

पुढच्या वेळी अख्खा अल्बम पाठवू नकोस. तिसरा ट्रॅक पाठव, तबल्याशिवाय, तीन आवाजांत, लिमिटर न लावता. आणि सोबत एका ओळीत लिही की त्यातलं काय काढताना जिवावर आलं. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका